एलिझाबेट नेय म्युझियम, ऑस्टिन: थोर पुरुष राहू द्या, पोरांकडे बघा

टेक्ससमधल्या ऑस्टिनला मुलाबाळांकडे आलेल्या आपल्या मंडळींच्या फिरण्याच्या जागा ठरलेल्या असतात. कॅपिटॉल म्हणजे इथलं विधानभवन, वटवाघळांचा पूल, देऊळ, मग कॉस्टको. त्यात एलिझाबेट नेय या शिल्पकार बाईचं हे म्युझियम घाला. हाइड पार्क भागात पूर्व ४४व्या रस्त्यावर आहे, तिकीट नाही. उघडण्याचे वार आणि वेळा मात्र निघण्याआधी बघून घ्या. जावई म्हणाले होते, ‘बाबा, अर्ध्या तासात होईल.’ झालं नाही, कारण मी प्लास्टरपाशी अडकलो.

आमचा पेणला गणपतीचा कारखाना. आता पुतण्या बघतो. पण साचे भरण्यात आणि उपसण्यात जन्म गेलेला माणूस मूर्तीसमोर आधी हात जोडत नाही, सांधा कुठे बुजवलाय ते शोधतो. ती खोड इथेही गेली नाही.

एलिझाबेट नेय जर्मनीतल्या म्युन्स्टरची, जन्म १८३३. बाप दगडकाम करणारा. शिल्प शिकायला जाऊ देत नाहीत म्हणून पोरीने अन्न सोडलं आणि आईबापांना नमवलं. पुढे बर्लिनला राउख यांच्याकडे शिकली. राउख म्हणजे तिकडच्या अभिजात, ग्रीक वळणाच्या शिल्पकलेतलं मोठं नाव. तत्त्वज्ञ शोपेनहॉअर, इटलीचा गॅरिबाल्डी, जर्मनीचा बिस्मार्क असले दांडगे लोक पुतळ्यासाठी तिच्यासमोर बसले. लग्न केलं एडमंड मॉन्टगोमेरी या स्कॉटिश डॉक्टरशी, पण नाव बदललं नाही आणि लग्न झालंय हे चारचौघांत कबूलही केलं नाही! १८७१ मध्ये दोघं अमेरिकेत आली, दोन वर्षांनी टेक्ससला शेतीवर गेली. मग जवळजवळ वीस वर्षं छिन्नी बाजूलाच. १८९२ मध्ये, साठीला टेकल्यावर, तिने ऑस्टिनला हा चुनखडी दगडाचा स्टुडिओ बांधला. बुरूज नंतरचा, त्यात नवऱ्याची अभ्यासिका. १९०७ मध्ये ती गेली आणि १९११ मध्ये इथे म्युझियम झालं.

आत शिरलात की पांढरंच पांढरं. पुतळे, अर्धपुतळे, नुसती डोकी. बरेचसे प्लास्टरचे आहेत, म्हणून नाक मुरडू नका. आपल्याकडे पीओपीवरून इतकं रामायण झालंय की प्लास्टर म्हटलं की माणसाला हलकं काम वाटतं. इथे उलट आहे. बाई मातीत घडवायची, मातीवरून प्लास्टरमध्ये ओतलं जायचं, आणि संगमरवर हवा असेल तर त्या प्लास्टरवरून मापं घेऊन दगड कोरला जायचा. त्या कोरण्यात कारागिरांचे हात लागतात. म्हणजे तिच्या बोटांना जास्त जवळचं काय, तर हे प्लास्टर. आपल्या गणपतराव म्हात्र्यांची ‘मंदिरपथगामिनी’ही प्लास्टरचीच, आणि तीही १८९०च्या दशकातली. तेव्हा ही बाई इथे टेक्ससच्या पुढाऱ्यांचे पुतळे करत होती.

बहुतेक लोक त्या पुढाऱ्यांसाठी येतात. टेक्सस स्वतंत्र देश होता तेव्हाचा अध्यक्ष सॅम ह्यूस्टन, आणि ज्याचं नाव या शहराला आहे तो स्टीफन ऑस्टिन. काम चोख आहे, नाही म्हणायची सोय नाही. पण दाढी, घोंगडी, बंदूक, नकाशा असलं काही हाताशी असलं की मूर्तिकाराचं निम्मं काम ते सामानच करतं. खरी परीक्षा पोराची. पोराच्या अंगाला धरायला काही नसतं. हाड दिसत नाही, सुरकुती नाही, गालाचा एक उतार चुकला की मूल बाहुलं होतं नाहीतर म्हातारं. आमच्याकडे बालगणेशाची हीच रड. सोंड आणि पोट सांभाळून घेतं म्हणून निभतं.

इथे ‘सुर्सुम’ नावाचं शिल्प आहे, दोन उघड्या मुलांचं. युरोपातल्या दिवसांतलं काम, बाईला स्वतःची मुलं व्हायच्या आधीचं. नातवाने मोठ्याने विचारलं, ‘आजोबा, यांना कपडे का नाहीत?’ मी म्हटलं, ‘कपड्याखाली चूक लपवायची नव्हती.’ लेक हसली, पण मी खरंच बोललो होतो. पोरांची पोटं बघा, छातीपासून खाली येताना कुठेही सपाट पट्टी नाही. गुडघा बघा. नवखा माणूस तिथे लिंबू चिकटवल्यासारखी वाटी करतो, इथे नुसता फुगवटा आहे आणि मागे लवणीत सावली. पावलं मात्र मला जड वाटली. ग्रीक पद्धतीचा नीटनेटकेपणा त्या पावलांत आडवा आलाय. एवढी नाचरी वयं आणि उभं राहणं कवायतीतलं. चेहऱ्यांवरही लाडाची साखर नाही, आणि ते मला आवडलं. पोर म्हटलं की गालाला खळी पाडायचा मोह कुणाला होत नाही!

तिला दोन मुलगे झाले. मोठा आर्थर १८७३ मध्ये घटसर्पाने गेला, दोन वर्षांचा. धाकट्या लॉर्नशी तिचं पुढे पटलं नाही. हे वाचून परत त्या दोघांपुढे गेलो, तर ती होती तशीच, कुणाचीच नसलेली पोरं. उगाच आईचं काळीज वगैरे त्यांच्यात शोधू नका, सापडणार नाही.

काही उपयोगाचं: हत्यारं मांडलेली आहेत, ती चुकवू नका. लहान मुलं बरोबर असतील तर हात धरून ठेवा, प्लास्टरचा टवका उडायला वेळ लागत नाही. कॅपिटॉल आधी झालं असेल तरी नंतर पुन्हा एक चक्कर मारा. तिथे हेच ह्यूस्टन आणि ऑस्टिन संगमरवरात उभे आहेत. ऑस्टिन बुटका दिसतो अशी तक्रार झाली, तेव्हा बाईने ती देवाकडे न्यायला सांगितलं म्हणे, माणसं त्याने घडवलीत, मी नाही. संगमरवर गुळगुळीत आणि देखणा आहे. मला तरी प्लास्टरचे जास्त जिवंत वाटले. पुतण्याला फोटो पाठवलेत, गुडघ्यांचे. त्याचा उलट मेसेज आला, ‘काका, यंदा ऑर्डर जास्त आहेत, गुडघे पुढच्या वर्षी.’