कानाच्या कागदावरील एका चुकीच्या कोडची किंमत

गेल्या पावसाळ्यात अमळनेरमध्ये भरलेल्या एका ‘मोफत कर्णतपासणी शिबिरा’त आम्ही आईला नेले, आणि तेथून निघताना ६२,००० रुपयांची श्रवणयंत्रांची जोडी घेऊन निघालो. ‘दोन्ही कानांच्या नसा सुकल्या आहेत, ऑपरेशनचा उपयोग नाही’ असे सांगून त्यांनी अहवालावर एच ९०.३ हा कोड लिहिला होता. आई मात्र एकसारखी म्हणत होती, ‘‘मना एकच कान बंद शे.’’ तिचे कोणीच ऐकले नाही, मीही नाही.

आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एच ९०.३ म्हणजे दोन्ही कानांचा आंतरकर्ण किंवा श्रवण-नस यांतील दोषामुळे आलेला बहिरेपणा. तो ठरवण्यासाठी हेडफोनमधून ऐकवलेल्या आवाजाची आणि कानामागच्या हाडावर कंपक ठेवून केलेली, अशा दोन्ही तपासण्या लागतात, कारण दोहोंतील अंतरावरूनच दोष पडद्याचा की नसेचा हे कळते. आमच्या अहवालातील श्रवण-आलेखावर उजव्या कानाची लाल वर्तुळे आणि डाव्याच्या निळ्या फुल्या एवढेच होते. हाडावरील तपासणीची एकही खूण नव्हती. तपासणी शांत खोलीत नव्हे, पंखे फिरत असलेल्या सभागृहात झाली, आणि सही करणाऱ्याने भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांकही लिहिला नव्हता.

पुढे जळगावच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पुन्हा तपासले, तेव्हा डावा कान ठीक आणि उजव्या पडद्याला जुने छिद्र निघाले. त्याची नोंद त्यांनी एच ७२ (पडद्याचे छिद्र) आणि एच ९०.१ (दुसऱ्या कानाचे ऐकणे शाबूत असलेला, एका कानाचा वहनदोष, म्हणजे आवाज आतल्या कानापर्यंत नीट न पोहोचणे) अशी केली आणि पडद्याची शस्त्रक्रिया सुचवली. येथे जुन्या कागदाने दुसरा घाव घातला: विमा कंपनीला दिलेल्या फाइलमध्ये मी तो भाबडेपणाने जोडला होता, त्यामुळे ‘नसेचा दोष असताना पडद्याचे ऑपरेशन कशासाठी?’ अशी विचारणा आली, आणि डॉक्टरांनी दोन्ही आलेखांतील फरक लेखी समजावून देईपर्यंत मंजुरी अडून राहिली.

शिबिरवाल्यांनी दिव्यांग प्रमाणपत्राचेही आमिष दाखवले होते. २०१६ च्या कायद्यानुसार त्यासाठी दोन्ही कानांत किमान ६० डेसिबल तूट लागते आणि ते प्रमाणपत्र सरकारने नेमलेले वैद्यकीय अधिकारीच देतात, दुकानदार नव्हे. डाव्या कानाची रेषा आलेखात नेमकी ६० च्या खाली, म्हणजे जास्त तुटीकडे, का उतरवली होती, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

‘वापरलेले यंत्र परत घेत नाही’ असे दुकानदाराने सांगितल्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी चालवली आहे. यंत्रे अजून डबीतच आहेत, कारण पावतीवर त्यांचे अनुक्रमांक लिहिलेले नसल्याने ती त्याच दुकानाची आहेत हे आता मला सिद्ध करायचे आहे.