मिनेसोटात इपेचा पोर्च: दोन हिवाळ्यांनंतर

पोर्चला इपेच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या एका कडक लाकडाच्या, फळ्या टाकून दोन हिवाळे झाले, जुलै 2024 मध्ये काम केलं होतं, नवीन असताना सगळंच छान दिसतं म्हणून मुद्दाम थांबले होते लिहायला. आम्ही मिनिअ‍ॅपोलिसजवळ राहतो, जानेवारीत उणे 25 पर्यंत जातं आणि मार्चमध्ये दिवसा बर्फ वितळतो, रात्री परत गोठतो, त्यामुळे मला एकच धास्ती होती की ब्राझीलच्या गरम जंगलातलं लाकूड इथे तडकणार.

थंडीने काहीही झालं नाही. उरलेला तुकडा बादलीत टाकला तर चक्क बुडाला, इतकं घट्ट लाकूड, पाणी आत फारसं शिरतच नाही तर गोठून फुटणार काय! गावच्या घराचं सागवानी दार मला केवढं कणखर वाटायचं, कडकपणात इपे त्याच्या तिप्पट. आधीचा सीडरच्या मऊ लाकडाचा पोर्च बर्फ ओढून ओढून ओरबाडला गेला होता, ह्यावर अजून ओरखडा नाही, अर्थात शॉव्हल प्लास्टिकचंच वापरतो.

त्रास झाला तो लाकूड सुकताना. फळी कापली की उघडं टोक बाकीच्या फळीपेक्षा खूप लवकर सुकतं आणि चिरतं, म्हणून कापल्या कापल्या तिथे मेणाचं सीलर लावायचं असतं. आमच्या सुताराने वर सगळीकडे लावलं आणि पायऱ्यांची टोकं संध्याकाळच्या घाईत तशीच सोडली, ऑक्टोबरपर्यंत चार फळ्यांना केसासारख्या चिरा, त्यातली एक आता बोटभर लांब झालीय. मला खूप वाईट वाटलं कारण पाच मिनिटांचं काम होतं हो! फळ्यांमधल्या फटी 3 मिलिमीटर ठेवल्या होत्या त्या आता 5 च्या आसपास आहेत, ते चालतं.

दुसरं म्हणजे खालची हवा. आमचा पोर्च जमिनीपासून जेमतेम दीड फूट, बाजू फळ्यांनी बंद करायचं चाललं होतं, मी हट्टाने जाळी लावून घेतली, कारण खालून ओल आणि वरून ऊन मिळालं की फळी पन्हाळीसारखी वाकते. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या, साध्या स्क्रूभोवती काळे डाग पडतात, आणि प्रत्येक भोक आधी ड्रिल करावंच लागतं, त्यात बिट मोडतात. भुसा हळदीसारखा पिवळा निघतो आणि सोड्याच्या पाण्याने पुसला तर हळदीसारखाच लाल होतो, पण नाकातोंडात जाऊ देऊ नका, मास्क हवाच.

रंगाचं म्हणाल तर वर्षातून एकदा तेल लावलं तर तपकिरी राहतं, नाहीतर चंदेरी राखाडी होतं, मजबुतीत फरक नाही. आम्ही पायऱ्या तशाच सोडल्यात, मला तो राखाडी रंगच आवडायला लागलाय.

आणखी एक. नोव्हेंबर 2024 पासून इपे आणि कुमारू (तसंच दुसरं कडक लाकूड) दोन्ही साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मध्ये आहेत, म्हणजे देशाबाहेर काढायला परमिट लागतं. ही झाडं अ‍ॅमेझॉनच्या जंगलात एकेकटी, लांब लांब असतात, एका झाडापर्यंत पोचायला बाकीचं जंगल तुडवलं जातं, म्हणून स्वस्त मिळतंय म्हणून उचलू नका, विक्रेत्याकडे कागद मागा, नाही दाखवले तर तिथून निघा. आम्ही एफएससीवालं, म्हणजे जंगल जपून तोडल्याचं प्रमाणपत्र असलेलं, घेतलं, महाग पडलं, पण परत घ्यायची वेळ आली तरी तेच घेईन.

ह्या शनिवारी त्या चार फळ्यांची टोकं थोडी कापून मेण लावणार आहोत, ह्या वेळी डबा माझ्या हातात असेल.