बॅश, अ‍ॅन्सिबल की पपेट : स्क्रिप्ट मध्येच अडकली तर?

कुपवाड एमआयडीसीतला कारखाना असो की सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी, सर्व्हर बघणारा माणूस बऱ्याचदा एकटाच. सर्व्हर बसवण्याची-सांभाळण्याची कामं आपोआप करून घेणाऱ्या या तीन साधनांच्या सोयींच्या याद्या ताडून बघण्यात त्यानं वेळ घालवू नये. स्क्रिप्ट मध्येच थांबली तर कारण किती लवकर सापडतं आणि तीच पुन्हा चालवायला हात धजावतो का, एवढंच बघावं.

बॅश म्हणजे लिनक्सवर कमांड चालवणारं शेल, त्यामुळे तिला सहसा वेगळं काही बसवावं लागत नाही. पण ती चुका गिळते. एक कमांड फसली तरी पुढची सुरूच. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच सेट कमांडनं ई, यू आणि पाइपफेल हे पर्याय लावले की थांबते, तरी इफच्या अटीत फसलेली कमांड सुटतेच. सेटचाच एक्स पर्याय लावून चालवली की प्रत्येक कमांड पडद्यावर दिसते. एक्झिट कोड (कमांड संपताना मागे ठेवते तो आकडा) 127 आला तर कमांड सापडलेली नाही, 126 आला तर सापडली पण चालवता आली नाही. शेलचेक हे स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं साधन आधीच फिरवा, निम्मी डोकेदुखी तिथंच संपते. खरी अडचण दुसऱ्यांदा चालवताना येते. युजर आधीच आहे म्हणून एरर येते, नाहीतर कॉन्फिग फाइलीत तीच ओळ दोनदा चिकटते.

अ‍ॅन्सिबल 2012 पासूनचं, 2015 मध्ये रेड हॅटनं घेतलं. ते एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायच्या मार्गानं चालतं, समोरच्या मशीनवर सहसा फक्त पायथन लागतं. कुठल्या मशीनवर कुठला टास्क पडला हे ते नावानिशी सांगतं. ‘अनरीचेबल’ दिसलं, म्हणजे मशीनपर्यंत पोहोचताच आलं नाही, तर प्लेबुक (टास्कची यादी असलेली फाइल) उसवत बसू नका. आधी एसएसएचची किल्ली, युजर, फायरवॉल बघा. ‘फेल्ड’ असेल तर मॉड्यूलचा (टास्क प्रत्यक्ष करणाऱ्या तुकड्याचा) निरोप वाचा, पुरेना तर जास्त तपशिलासाठी कमांडला तीन व्ही लावा. प्लेबुक ज्यात लिहितात त्या यामलमध्ये ओळ आत घ्यायला टॅब चालत नाही, आणि एरर दाखवते त्या ओळीच्या वरच खोट असू शकते. चेक मोडवर (काही न बदलता काय बदलेल ते दाखवणाऱ्या तालमीवर) डोळे झाकून विसंबू नये : शेल आणि कमांड मॉड्यूल त्यात सहसा चालतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या उत्तरावर अवलंबून असलेले टास्क उगाच पडतात.

सगळ्यात फसवी गोष्ट हँडलरची, म्हणजे काही बदललं तरच शेवटी चालणाऱ्या टास्कची. कॉन्फिग बदललं आणि पुढचा टास्क पडला, की सर्व्हिस रीस्टार्ट करणारा हँडलर चालत नाही. दुरुस्त करून पुन्हा चालवाल तेव्हा फाइल ‘आधीच बरोबर’ असते, म्हणून रीस्टार्टची सूचना जातच नाही. सगळं हिरवं, आणि सर्व्हिस मात्र जुन्याच कॉन्फिगवर! फोर्स हँडलर्स हा पर्याय चालू ठेवा, मग टास्क पडला तरी हँडलर चालतो.

पपेटचा एजंट नावाचा प्रोग्रॅम प्रत्येक मशीनवर बसतो आणि मशीन कशी असायला हवी ते सहसा दर 30 मिनिटांनी मुख्य सर्व्हरला विचारतो. त्यामुळे एरर शोधायची जागाही वाढते : 8140 पोर्ट, सर्टिफिकेट, मशीनचं घड्याळ. तपासणीसाठी हातानं केलेला बदल एजंट निमूटपणे पुसून टाकतो, म्हणून आधी तो बंद करावा.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगली शहरात शिरलं होतं. कोऱ्या मशीनवर सगळं पुन्हा उभं करायची वेळ इथं येऊ शकते, आणि जुन्या मशीनवर हातानं टाकलेलं एखादं पॅकेज स्क्रिप्टमध्ये राहून गेलंय हे तेव्हाच कळतं. तिन्हींपैकी काहीही घ्या, रिकाम्या व्हर्च्युअल मशीनवर अधूनमधून चालवून बघा.

एक-दोन मशीन असतील तर नीट लिहिलेली बॅश पुरते. त्यापुढे माझं मत सरळ अ‍ॅन्सिबलला. पपेटचा विचार मशीन शंभरीकडे जाऊ लागल्या आणि जोडीला दुसरा माणूस मिळाला की करावा.