सोळा व्हॉल्व्ह म्हणून विकलेली साधी १९०-ई

जुनी जर्मन गाडी घ्यायच्या विचारात असलेल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींसाठी हे लिहितोय. मर्सिडीज १९०-ई २.३-१६ (२.३ लिटर, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन) म्हणून मला जी गाडी विकली, ती साधी दोन लिटरची १९०-ई निघाली. दोन्हींचा सांगाडा एकच. स्कर्ट, चाकांवरच्या रुंद कमानी आणि डिकीवर स्पॉयलर चढवला की लांबून फरक कळत नाही. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर. विकणारा अजून मोकळा आहे आणि त्याच्याकडे अशाच आणखी गाड्या असल्याचं ऐकतो, म्हणून सगळं तपशिलाने सांगतो.

खरी २.३-१६ एवढी का हवीशी वाटते, ते आधी सांगायला हवं. तिच्या इंजिनाचं हेड इंग्लंडच्या कॉसवर्थने तयार केलं. साध्या दोन लिटरवालीची ताकद साधारण १२० अश्वशक्ती, हिची १८५. १९८३च्या ऑगस्टमध्ये इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर ही गाडी ५० हजार किलोमीटर पळवली, तीही ताशी जवळजवळ २४८च्या सरासरीने. मे १९८४मध्ये नव्या न्यूरबुर्गरिंगवर सगळ्या नामवंत ड्रायव्हरांना एकसारख्या २.३-१६ दिल्या होत्या. ती शर्यत कोवळ्या आयर्टन सेनाने जिंकली, जो पुढे फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला. आपल्याकडे दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी येते तेव्हा लोक सोनं लुटायच्या आधी तिच्याकडे बघतात. अशा गावात या गाडीवर जीव जडणं नवल नाही. मध्यस्थाने हाच धागा पकडला. "दादा, कोल्हापुरात असली एक पण न्हाई. मेबॅकनंतर हीच," असं तो प्रत्येक फोनवर म्हणायचा.

गाडी बाहेरच्या जिल्ह्यातली, पासिंगही तिकडचंच. आरसीचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. ऑनलाइन नोंद सापडत नव्हती. मध्यस्थ म्हणाला, जुन्या गाड्यांची माहिती सरकारच्या वाहन प्रणालीवर चढायची राहिलेली असते. हे खरंही आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. विसार दिल्यावर गाडी टोइंगच्या ट्रकवरून तावडे हॉटेलजवळ उतरली.

बॉनेट उघडलं तर आत साधं आठ व्हॉल्व्हचं इंजिन. मध्यस्थाचं उत्तर तयार होतं. मूळ इंजिन फुटलं, हे तात्पुरतं बसवलंय, मूळचं क्रेटमध्ये बांधून ठेवलंय, पूर्ण पैसे आले की पाठवतो. गिअरचं काय? खऱ्या मॅन्युअल २.३-१६मध्ये पहिला गिअर डावीकडे खाली पडतो आणि रिव्हर्स त्याच्या वर असतो. इथे पहिला नेहमीसारखा डावीकडे वर. उत्तर : इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही बदलला. खऱ्या गाडीत मागची सीट दोन वेगळ्या खोलगट बैठकांची असते, इथे सरळ बाक. उत्तर : गादीकाम नव्याने करून घेतलं. पुढच्या कन्सोलवर तेलाचं तापमान, व्होल्टमीटर आणि स्टॉपवॉच अशी तीन घड्याळं असतात, इथे रिकामी जागा. उत्तर : चोरीला गेली. सुटं सुटं ऐकलं तर यातलं कुठलंच उत्तर खोटं वाटत नाही. चाळीस वर्षांच्या गाडीत हे सगळं होऊ शकतं. पण ही उत्तरं एका कागदावर एकाखाली एक लिहून काढा. गाडीचा जो भाग तिला २.३-१६ ठरवतो, तो प्रत्येक गायब आहे आणि उरलाय तो फक्त प्लास्टिकचा साज, हे लगेच दिसतं.

त्याचं शेवटचं शस्त्र होतं चेसिस नंबर. "इंजिन बदलता येतं साहेब, चेसिस थोडीच बदलते?" पुढच्या रेडिएटरवरच्या आडव्या पट्टीला पाटी होती आणि तिच्यावर मर्सिडीजच्या नंबराच्या सुरुवातीच्या WDB ऐवजी दुसरं काही असतं तर कोणालाही संशय आला असता. पण अक्षरं बरोबर होती : डब्ल्यूडीबी, मग २०१, मग ०३४. २०१ म्हणजे १९० मालिकेचा सांगाडा, ०३४ म्हणजे २.३-१६. आरसीच्या फोटोतही तोच नंबर. उरलेले पैसे आरटीजीएसने गेले.

खरं काय ते उद्यमनगरात कळलं. गाडी रॅम्पवर घ्यायच्या आधी मिस्त्रींनी पाटीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, पाटी जुनी दिसत्या, पण रिबिट बघा की. परवाचं हाय हे." चाळीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेल्या पट्टीवर चकचकीत ॲल्युमिनियमची रिबिटं. मग त्यांनी इंजिनाच्या मागची फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत पाहिली. या गाडीचा नंबर तिथे पत्र्यातच ठोकलेला असतो. तिथे काळं अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला गंजू नये म्हणून लावतात तो थर, थापलं होतं. त्या जागी अंडरकोटिंगचं कामच काय? थिनरचा बोळा आणि प्लास्टिकची पट्टी घेऊन मिस्त्री हळूहळू खरवडत गेले आणि आकडे वर आले : २०१, ०२४. साधी दोन लिटर.

त्यानंतरचा आकडा मी घरी येऊन ताडून पाहिला. युरोपीय मर्सिडीजच्या नंबरात मॉडेलच्या सहा आकड्यांनंतर १ असेल तर स्टिअरिंग डावीकडे, २ असेल तर उजवीकडे. त्याच्यापुढचं अक्षर कारखान्याचं. फायरवॉलवर २ होता. बनावट पाटीवर १. गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे. कुठल्यातरी परदेशातल्या गाडीच्या फोटोवरून नंबर उचलून पाटी कोरली होती, आणि आरसीच्या फोटोत आकडे तसेच बदलले होते. पुढे मूळ आरटीओकडून ना हरकत आली, तिच्यातही ०२४च निघाले.

म्हणून अशी गाडी बघायला गेलात तर पाटी आणि आरसी बाजूला ठेवा आणि पत्र्यातला नंबर आधी वाचा. तो झाकलेला असेल तर मालकासमोर साफ करून घ्या. तो करू देत नसेल तर चहा न घेता परत या. आरसीचा फोटो धरू नका, कार्ड हातात घ्या. परदेशातून आणलेल्या गाडीचं कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री मागा आणि त्यातला नंबरही पत्र्याशी जुळवा. नंबर पूर्ण मिळाला की त्यावरून कारखान्याचं डेटा कार्ड मिळवता येतं. त्यात मूळ रंग, इंजिन आणि गाडीबरोबर दिलेल्या सोयींचे कोड असतात. २.३-१६ सुरुवातीला निळसर काळा आणि धुरकट चंदेरी या दोनच रंगांत आली होती. माझी गाडी आता चंदेरी आहे, पण दाराच्या रबराखाली पांढरा रंग आहे.

बाजूच्या प्लास्टिकच्या स्कर्टखाली जॅक लावायच्या जागा असतात, तिथला पत्रा सडतो आणि स्कर्टमुळे दिसत नाही. स्कर्ट काढायला लावा. दारांच्या खालच्या भागावर आणि मागच्या कमानींवर साधा लोहचुंबक फिरवा. लांबी (पुट्टी) भरलेली असेल तिथे तो धरत नाही. गाडी थंड असताना स्वतः चालू करा, बॉनेटला आधी हात लावून बघा. थंड इंजिनात समोरून साखळीचा खडखडाट येत असेल तर टायमिंग चेनचं काम निघालं. पेट्रोलसाठी बॉशची केई-जेट्रॉनिक ही इंजेक्शन प्रणाली आहे आणि ती समजणारी माणसं आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गाडी २०१९ किंवा २०२१च्या पुरात कुठे उभी होती हेही विचारा. सीटच्या रेलखालचा गंज आणि स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ पॉलिशवाला सहसा काढत नाही.

आणखी एक थाप सर्रास मारली जाते. "विंटेज आहे, पासिंगची कटकट नाही, व्हीएची नंबरप्लेट मिळेल." २०२१च्या केंद्रीय नियमाप्रमाणे विंटेज नोंदणी ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते. ऐंशीच्या दशकातली गाडी त्यात बसत नाही. तिला दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावंच लागतं. २० वर्षांहून जुन्या आयात चारचाकीसाठी ऑगस्ट २०२५पासून त्याचं शुल्क ८० हजार रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. हा खर्च भाव ठरवताना धरा.

क्रेटमधलं इंजिन अर्थातच आलं नाही. विकणारा म्हणतो, मलाही तशीच मिळाली. मी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे. पाटी, जुनी-नवी रिबिटं, आरसीचा फोटो आणि ना हरकत पत्र सोबत जोडलंय. फायरवॉल खरवडतानाचं चित्रीकरण मिस्त्रींच्या मुलाने मोबाइलवर केलं होतं, ते सगळ्यात उपयोगी पडतंय. तुम्हाला कोणी उजव्या स्टिअरिंगची २.३-१६ दाखवली, पाटीवर ०३४ नंतर १ असला आणि मूळ इंजिन क्रेटमध्ये असल्याचं सांगितलं, तर विसार देऊ नका. पाटीचा आणि फायरवॉलचा फोटो काढून तो जवळच्या पोलीस ठाण्यात द्या.