25 अंशांवर सगळेच थर्मिस्टर सज्जन असतात

स्वस्त भाव, आगाऊ रक्कम आणि त्यानंतरचे मौन हा क्रम सर्वांनाच ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर शाई खर्च करत नाही. मी 600 एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापमान वाढले की रोध घटणारे तापमान-संवेदक, मागवले होते: 25 अंश सेल्सिअसला 10 किलोओहम रोध, बीटा (तापमानागणिक रोध किती वेगाने घटतो हे सांगणारा आकडा) 3950, टॉलरन्स (चालणारी तफावत) एक टक्का. भाव नेहमीपेक्षा 38 टक्के कमी होता आणि सगळी रक्कम मी आधीच दिली.

विक्रेता म्हणाला, "कोणतेही वीस उचला आणि मल्टीमीटरवर मोजा." मी मोजले, सगळे 9.9 ते 10.1 किलोओहमच्या आत भरले आणि मी खूश झालो. याचीच आज सर्वांत जास्त लाज वाटते, कारण 10 किलोओहमचा थर्मिस्टर, बीटा काहीही असो, 25 अंशांवर तेवढाच रोध दाखवणार. ज्या परीक्षेत नापास होणे शक्यच नव्हते, तीच त्याने मला घ्यायला लावली. दोन तापमानांना मोजल्याशिवाय पैसे सोडू नका. एक बर्फाचे पाणी, एक गरम.

त्याच संध्याकाळी थर्मिस्टर ज्या रीलवर गुंडाळून आले होते, तिच्या लेबलाच्या कडेत माझे नख अडकले आणि खाली आणखी एक कागद असल्याचे जाणवले. मी ती कड दाबून परत चिकटवली. होय, स्वतःच्या हाताने चिकटवली. माल 11 दिवस उशिरा आला होता, हे थर्मिस्टर बसवायची मंडळे (सर्किट बोर्ड) जुळणीसाठी थांबली होती, आणि लेबल सोलून पाहायला कोणी कोणाला शिकवत नाही.

214 मंडळे तयार झाल्यावर वितळत्या बर्फात सुमारे 3 अंश दिसू लागले आणि उकळत्या पाण्यात 88. खऱ्या 85 अंशांना 1.09 किलोओहम अपेक्षित असताना 1.45 मिळत होता. म्हणजे 85 ला हीटर बंद करणारे मंडळ प्रत्यक्षात 96 ला बंद करत होते. डेटाशीटवर नुसते 3950 लिहिले असेल, तर तो बीटा 25/50 चा (25 ते 50 अंशांमधला) की 25/85 चा (25 ते 85 अंशांमधला) हे लेखी विचारा. एक टक्का हा आकडाही फक्त 25 अंशांपुरता असतो. बीटाचा टॉलरन्स वेगळा मागा.

खरेदी ज्या संकेतस्थळावर केली, त्यांच्या तक्रार कक्षाने "दोष दिसेल असा फोटो" मागितला. बीटाचा फोटो कसा काढायचा? मी तीन तापमानांच्या रोधांचा तक्ता पाठवला. 9 दिवसांनी, त्यातली 25 अंशांची एकच ओळ उचलून, "वस्तू वर्णनानुसार आहे" असे कळवून प्रकरण बंद केले गेले. बँकेकडे गेलो, तर तक्रारीची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. ते दोन दिवस त्या नऊ दिवसांतच गेले होते. पोलिसांनी विचारले, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" तापमान चुकीचे दाखवणारा माल म्हणजे काय, हे मी तीन टेबलांवर तीनदा समजावले, आणि तिसऱ्या टेबलाने मला पुन्हा पहिल्याकडे पाठवले. मी रीलही सोबत नेली होती. ती कोणी हातातसुद्धा घेतली नाही.

उरलेले 386 थर्मिस्टर अजून त्याच रीलवर आहेत. वरचे लेबल आता मी पूर्ण सोलले आहे. खालच्या कागदावर 3435 हा आकडा स्वच्छ छापलेला आहे.