भाड्याची २५ फुटी आरव्ही: नातवाच्या ग्रॅज्युएशनपासून नातीच्या बारशापर्यंत

मेच्या शेवटी थोरल्या नातवाचं हायस्कूल ग्रॅज्युएशन डेन्व्हरला आणि त्यानंतर दहा दिवसांनी धाकट्या मुलाच्या लेकीचं बारसं फिनिक्सला. मधले दिवस न्यू जर्सीला परत येऊन पुन्हा विमान पकडण्यापेक्षा आम्ही डेन्व्हरलाच बारा रात्रींसाठी आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सगळी सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेतली आणि फिनिक्सला परत केली. मी ६६ वर्षांची, हे ७१. दोघंही निवृत्त. परत आल्यापासून ओळखीतले चार-पाच जण विचारतायत, आम्हाला जमेल का, घ्यावी का, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

आमची गाडी क्लास सी प्रकारातली होती, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पुढे आलेला पलंग असतो ती. फोर्डच्या ई-४५० ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, २५ फूट लांब, जवळजवळ १२ फूट उंच. आत दोन शेगड्या, फ्रिज, टेबल, छोटं न्हाणीघर आणि मागच्या कोपऱ्यात पलंग. भाडं रात्रीला १८५ डॉलर, दुसऱ्या गावी परत करायचे ५०० वेगळे. सगळं मिळून ११४० मैल झाले आणि गाडीने गॅलनला नऊ मैल दिले, म्हणजे पेट्रोलचे साधारण ४२० डॉलर. स्वस्त नाही. पण बारा रात्रींची हॉटेलं, भाड्याची कार आणि बाहेरचं जेवण यांची बेरीज यांनी कागदावर करून पाहिली होती, ती याच्या खाली येत नव्हती.

पैशाचं राहू दे. मला या गाडीचं जे खरं मोल कळलं ते डेन्व्हरला पहिल्याच दिवशी. मुलाचं घर भरलेलं होतं. सुनेचे आईवडील पुण्याहून आलेले, तिची बहीण दोन मुलांना घेऊन आलेली. एरवी अशा वेळी आम्हाला कोणाची तरी खोली दिली जाते आणि तिथलं पोर हॉलमध्ये झोपतं. या वेळी आम्ही ड्राइव्हवेत गाडी लावली, गराजमधून साधी वायर ओढून दिवे आणि फ्रिज चालू केला आणि आमचं बिऱ्हाड तिथे थाटलं. सकाळी साडेपाचला उठून आलं घातलेला चहा करायचा तर कोणाची झोप मोडत नव्हती. विहीणबाई आणि व्याही दोन्ही दिवस चहाला आमच्याकडेच आले.

समारंभाच्या रात्री अकरा वाजता दारावर टकटक झाली. नातू उभा, अंगात तो निळा गाऊन तसाच, टोपी हातात. मित्रांबरोबर जेवून आला होता, तरी म्हणाला, "आजी, दहीभात आहे का?" होता. टेबलाशी बसून वाडगा पुसून खाल्ला, ऑगस्टमध्ये कॉलेजला कुठलं सामान न्यायचं ते सांगत बसला आणि मग शिडी चढून माळ्यावरच्या पलंगावर झोपून गेला. सहा फूट उंच मुलगा, पाय मुडपून झोपलेला. घरात एवढी माणसं असताना हा तास मला मिळाला नसता.

आता चालवण्याबद्दल. डेन्व्हर सोडून आय-७० हायवेवर पश्चिमेला निघालं की तासाभरात आयझेनहॉवर बोगदा येतो. त्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे. चढावर गाडी ट्रकांच्या रांगेतच चालते आणि तिला तिथेच चालू द्यावं. खरी काळजी उताराची. टो-हॉल नावाचं बटण दाबलं की गिअर खाली राहतो आणि इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. यांनी आधी मोठी गाडी चालवली नव्हती, पण भाड्याच्या जागेजवळच्या रिकाम्या पार्किंगमध्ये पाऊण तास वळणं आणि मागे घेणं यांचा सराव केला, तो उपयोगी पडला. मागचा भाग वळताना बाहेर फेकला जातो, हे आरशात पाहूनच कळतं. मी ग्रँड जंक्शनच्या पुढे युटामधला सपाट पट्टा चालवला, ऐंशी मैल. वारा आडवा आला की गाडी ढकलली जाते, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. डॅशबोर्डवर आम्ही "उंची १२ फूट" असा कागद चिकटवला होता. पेट्रोल पंपाच्या छताखाली शिरताना दर वेळी तो वाचायचा.

पहिली अडचण आर्चेस नॅशनल पार्कमध्ये आली. तिथला डेव्हिल्स गार्डन कॅम्पग्राउंड अप्रतिम आहे, लाल खडकांच्या कुशीत, पण हुकअप नाहीत, म्हणजे वीज, पाणी, सांडपाणी यातलं काहीच जोडता येत नाही. सगळं गाडीच्या टाक्यांवर आणि गॅसवर. संध्याकाळी पोचलो, गाडी लावली, जेवलो, झोपलो. सकाळी फ्रिज उघडला तर आत कोमट. आत बाळंतिणीसाठी केलेले चाळीस अळिवाचे लाडू होते. ओल्या नारळाचे. थोरल्या सुनेच्या स्वयंपाकघरात मी एक अख्खी दुपार घालवून केलेले.

कारण शोधायला अर्धा तास गेला. या फ्रिजमध्ये आपल्या घरच्यासारखा कॉम्प्रेसर नसतो. गॅसच्या ज्योतीवर अमोनियाचं पाणी तापतं आणि त्यातून गारवा तयार होतो, आणि ते पाणी आपल्या वजनानेच उताराने खाली परत येतं. गाडी कललेली असली की ते वाटेत अडतं आणि फ्रिज थंडावत नाही. आमची जागा उतरती होती. गाडी देताना एजन्सीच्या माणसाने वीस मिनिटांत सगळं भराभर दाखवलं, पण गाडी समतल लावायची एवढी एक गोष्ट सांगितली नाही आणि चाकाखाली घालायचे ठोकळेही दिले नाहीत. हे माझं पहिलं गाऱ्हाणं. यांनी जवळच्या मोॲब गावी जाऊन पिवळे प्लास्टिकचे ठोकळे आणले, पुढचं डावं चाक दोन ठोकळ्यांवर चढवलं, आणि ओट्यावर पाण्याचा पेला ठेवून पातळी पाहिली. तोवर लाडू मी बर्फाच्या पेटीत घातले होते. संध्याकाळपर्यंत फ्रिज गार झाला. एक लाडू खाऊन पाहिला, चांगला होता. तेव्हा जिवात जीव आला.

त्या कॅम्पग्राउंडशेजारूनच लँडस्केप आर्चची वाट सुटते, जाऊन येऊन दोन मैलांच्या आत, फार चढ नाही. ३०६ फूट लांबीची दगडाची कमान, मध्ये इतकी बारीक की १९९१ मध्ये तिचा ६० फुटांचा तुकडा कोसळला त्यानंतर खालून जाणारी वाट बंद केली. डेलिकेट आर्च या दुसऱ्या कमानीपर्यंतची चढण आम्ही केली नाही. यांचे गुडघे. खालच्या व्ह्यूपॉइंटवरून ती दिसते, आम्हाला तेवढं पुरलं.

मेसा व्हर्डे नॅशनल पार्कला दोन रात्री. तिथे एकच सांगते. कड्याच्या पोटातली क्लिफ पॅलेस ही वस्ती समोरच्या कड्यावरून पाहिली. बाराव्या-तेराव्या शतकात बांधलेल्या दीडशेच्या आसपास खोल्या. तिथल्या लोकांचा मका दळायचा दगड पाहिला आणि मी थबकलेच. खाली खोलगट झिजलेला दगड, वर दोन्ही हातांनी धरायचा लांबट दगड. माझ्या आजीचा पाटा-वरवंटा. झीज अगदी त्याच जागी, मधोमध.

मॉन्युमेंट व्हॅलीला जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. ते नावाहो या मूळ अमेरिकन लोकांचं स्वतःचं पार्क आहे, त्यामुळे आपला सीनियर पास तिथे चालत नाही. (नॅशनल पार्कांत मात्र तो जरूर घ्या. ६२ आणि त्यावरच्या वयाच्या अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा मिळतो आणि डेव्हिल्स गार्डनसारख्या पार्कच्या कॅम्पग्राउंडचं भाडं निम्मं होतं.) आणि आतल्या १७ मैलांच्या कच्च्या रस्त्यावर आरव्ही नेऊ देत नाहीत. आम्ही नावाहो गाइडबरोबर उघड्या जीपमधून गेलो, तेच बरं झालं. वेळेचीही गंमत आहे. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नावाहो भाग करतो. ग्रँड कॅन्यनकडे जाताना फोनवरचं घड्याळ आपोआप तासाने मागे गेलं आणि बारशाच्या मुहूर्ताबद्दल धाकट्याशी बोलताना आमचा चांगलाच घोळ झाला. शेवटी "फिनिक्सचे साडेदहा" असं मी कागदावर लिहिलं.

ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर, म्हणजे दक्षिणेकडच्या कड्यावर, ट्रेलर व्हिलेज या आरव्हीच्या कॅम्पग्राउंडमध्ये पूर्ण हुकअपची जागा मिळाली होती. चार दिवसांनी मनसोक्त पाण्याने अंघोळ. ही जागा ७००० फुटांवर आहे, पाणी लवकर उकळतं पण डाळ उघड्या भांड्यात लवकर शिजत नाही, तेव्हा कुकर बरोबर हवाच. आमचा तीन लिटरचा कुकर त्या लहान शेगडीवर नीट बसला. फोडणी करताना मात्र आधी छतावरचा पंखा लावा आणि खिडकी उघडा. मी पहिल्या दिवशी विसरले, मोहरी तडतडली आणि धुराचा अलार्म असा वाजला की शेजारची माणसं बाहेर आली. गॅसगळतीचा अलार्म वेगळा असतो, तो खाली जमिनीलगत बसवलेला असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड. त्याच्यासमोर चपला, पिशव्या ठेवू नका.

सांडपाण्याचं काम बायकांना विचारायलाही संकोच वाटतो असं दिसलं, म्हणून सांगते. मी ३१ वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलं, हातमोजे चढवून हे काम मीच केलं. दोन टाक्या असतात, काळी संडासची आणि राखाडी अंघोळ-भांड्यांची. जाड पाइप जोडायचा, आधी काळी सोडायची, मग राखाडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुऊन निघतो. दहा मिनिटांचं काम आहे. काळी टाकी निदान अर्ध्याहून जास्त भरल्याशिवाय सोडू नये, नाहीतर पाणी निघून जातं आणि बाकीचं मागे राहतं.

फ्लॅगस्टाफहून फिनिक्सला उतरताना दोन-अडीच तासांत जवळपास सहा हजार फूट खाली येतो. सकाळी अंगात स्वेटर होता, दुपारी १०८ अंश फॅरनहाइट. इथे मात्र ड्राइव्हवेचा बेत फसला आणि हे जूनमध्ये तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं. घरच्या साध्या प्लगवर आरव्हीचा एसी चालत नाही. सुरू होताना तो इतकी वीज ओढतो की ब्रेकर पडतो. मुलाच्या वसाहतीच्या नियमात आरव्ही दोन दिवसांहून जास्त उभी करता येत नाही, आणि रात्रभर जनरेटर लावून शेजाऱ्यांना जागं ठेवणं मला पटेना. शेवटी घरापासून चार मैलांवरच्या आरव्ही पार्कमध्ये एसी चालेल अशी ३० अँपियरच्या विजेची जागा घेतली. तिथेही भर दुपारी आतलं तापमान ८२ च्या खाली आलं नाही. रात्री ठीक.

पण त्या चार मैलांचंही काही वाटलं नाही. बाळंतीण झोपली की आम्ही आमच्या घरी, ती उठली की तिच्याकडे. नाशिकच्या विहीणबाई एप्रिलपासून तिच्यापाशी होत्या, थकल्या होत्या. बारशाच्या आदल्या दुपारी मी त्यांना आमच्या गाडीत नेऊन एसीत दोन तास झोपवलं. उठल्यावर म्हणाल्या, "सहा आठवड्यांत अशी झोप लागली नव्हती हो." लाडवांचा डबा सुनेच्या हातात दिला तेव्हा अडतीस उरले होते. एक मी चाखलेला, एक वाटेत यांनी खाल्लेला. साडेदहाला नात पाळण्यात होती.

गाडी परत करतानाचं दुसरं गाऱ्हाणं. काळी टाकी मी स्वतः रिकामी केली होती, तरी टाकी किती भरली ते दाखवणाऱ्या पट्टीवर "दोन तृतीयांश" दिसत होतं आणि एजन्सीने ७५ डॉलर कापले. टाकीच्या आतल्या सेन्सरला कागद चिकटला की तो असंच खोटं दाखवतो. मी पाइपच्या पारदर्शक जोडातून स्वच्छ पाणी जाताना फोनवर व्हिडिओ घेतला होता, तो पाठवला. सोळा दिवसांनी पैसे परत आले. हा व्हिडिओ तुम्हीही घ्या, आणि गाडी ताब्यात घेताना छत, टायर, काचा यांचे फोटोही.

पाचपैकी गाडीला साडेचार देते, एजन्सीला अडीच. अर्धा गुण कापला तो पलंगासाठी. कोपऱ्यात भिंतीला लागून असल्यामुळे रात्री उठायचं तर आतल्या माणसाला बाहेरच्यावरून ओलांडून यावं लागतं, आणि आमच्या वयात रात्रीत दोनदा तरी उठणं होतंच. पुढच्या वर्षी धाकट्या नातीच्या पहिल्या वाढदिवसाला निघू तेव्हा दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा पलंग असलेली घ्यायची, ती दोन-तीन फूट जास्त लांब असली तरी चालेल.