बरगड्यांचं ऑपरेशन: हाड जुळल्यानंतरचे महिने

अपघातात डाव्या बाजूच्या बरगड्या मोडल्या, त्यातल्या काही दोन-दोन ठिकाणी. श्वास घेताना छातीचा तेवढा भाग फुगायच्या ऐवजी आत ओढला जायचा, म्हणून टायटॅनियमच्या प्लेट बसवल्या. त्याला आता वर्ष होत आलं. बहुतेकांच्या बरगड्या ऑपरेशनशिवायच जुळतात, त्यामुळे 'प्लेटनंतर पुढे काय?' हे सांगणारं माणूस सहजी भेटत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

बरगडीला प्लास्टर घालता येत नाही. मिनिटाला १२ ते २० वेळा ती हलतेच. दुखतं म्हणून वरवर श्वास घेतला की कफ साचतो आणि न्यूमोनियाची भीती असते. प्लेटमुळे हाडांची टोकं एकमेकांवर घासायची थांबली आणि मला खोकता येऊ लागलं. तरी स्पायरोमीटरचे (खोल श्वासाच्या व्यायामाचं छोटं यंत्र) गोळे श्वास ओढून वर नेताना डोळ्यांत पाणी यायचं. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की उशी छातीशी घट्ट दाबायची, एवढ्यानं खूप फरक पडतो.

हाड साधारण ६ ते १२ आठवड्यांत जुळतं. माझाही एक्सरे चांगला आला, घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण मला कुशीवर झोपता येत नव्हतं, आणि छातीला कुणीतरी पट्टा आवळलाय असं दिवसभर वाटायचं.

यातलं सगळ्यात चिवट दुखणं नसेचं. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेनं एक नस (मज्जातंतू) जाते. हाड मोडताना किंवा ऑपरेशनच्या वेळी ती दुखावू शकते. माझ्या स्तनाखालचा भाग बधिर होता आणि त्याच्या कडेला जळजळ. कपडा नुसता लागला तरी झिणझिण्या. नेहमीच्या वेदनाशामक गोळीचा यावर फारसा उपयोग होत नाही, नसांच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात. त्यामुळे डॉक्टरांना नुसतं 'दुखतंय' सांगू नका. जळतं की ठणकतं, करंट बसल्यासारखं होतं का, कुठे स्पर्श कळत नाही, हे बोट ठेवून दाखवा. माझे उपचार त्यानंतरच खऱ्या अर्थानं बदलले. जळजळ आता क्वचित होते, बधिरपणा थोडा उरलाय.

खांदाही आखडतो, कारण चीर पाठीच्या आणि खांद्याच्या स्नायूंजवळून जाते. भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम कंटाळवाणा आहे, पण केस विंचरायला हात वर गेला तो त्याच्यामुळेच.

आणि मनाचं काय? व्रण कपड्याखाली झाकलेला, त्यामुळे लोकांना आपण ठणठणीत दिसतो. गाडीत बसताना छाती धडधडायची, रात्री दचकून जाग यायची. हेही तपासणीच्या वेळी सांगा. या दुखण्यात तेही येतं.

प्लेट सहसा काढत नाहीत. एमआरआय करायची वेळ आली तर मात्र आधी सांगायचं. थंडीत छाती अजून आखडते, जड बादली मी दोन्ही हातांनीच उचलते. पण डाव्या कुशीवर झोप लागते, आणि मनमोकळं हसता येतं. ऑपरेशन करून घेतलं हे बरंच झालं असं मला ठामपणे वाटतं. फक्त पूर्वीसारखं वाटायला तीन महिने लागतील असं कुणी म्हणालं, तर त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ मनात धरून चाला. मधेच ताप आला, धाप वाढली किंवा छातीत नव्यानं 'कट-कट' असा आवाज जाणवला, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता लगेच दाखवा.